पाचवा ठिपका

संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक सात हिरवे ठिपके होते. त्यांतला पाचवा मधूनच करडा झाला आणि पुन्हा हिरवा. पापणी मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ. बघणाऱ्याची नजर किंचित इकडंतिकडं असती, तर काही घडलं असं वाटलंही नसतं.

पंचशीला सोनकांबळे त्या वेळी एसीच्या नळीखालची बादली सरकवत होती. लातुरात त्या उन्हाळ्यात एसीचं पाणीसुद्धा कुणी सांडू देत नव्हतं; सर्व्हरच्या खोलीतली बादली भरली की सफाईवाली नागुबाई ती फरशी पुसायला घेऊन जायची. बादली सरकवून पंचशीला सरळ झाली, तेव्हा तिचे डोळे नेमके पाचव्या ठिपक्यासमोर आले.

ती खुर्चीत बसली. पुन्हा करडा होतो का, याची वाट बघत राहिली. झाला नाही. मग तिनं त्या ठिपक्यामागची माहिती उघडली. हे यंत्र किती काळ अखंड चालू आहे, तो आकडा गुढीपाडव्यापासूनचा असायला हवा होता. तो कपातला चहा निवायला लागतो तेवढ्या वेळाचाही नव्हता.

मागच्या नोंदी ती खाली खाली नेत गेली. पाडव्यापासून हे यंत्र शेकडो वेळा पडलं होतं आणि शेकडो वेळा उठून उभं राहिलं होतं. तिला कुणी कळवलं नव्हतं. कळवू नये अशी व्यवस्था तिनंच केली होती.

ट्रस्टच्या या रुग्णालयात संगणक विभाग म्हणजे ही एक खोली, आणि खोलीत बहुतेक वेळा पंचशीला एकटीच. ती मूळची मुदखेडची. नांदेडला तिनं भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं, मग संगणकाचं शिक्षण घेतलं, आणि नोकरीसाठी लातूरला आली. खोलीत खरा सर्व्हर एकच होता, पण त्याच्या पोटात सात यंत्रं चालायची. ही व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे नुसत्या आज्ञावलीनं उभी केलेली, पण स्वतःला खरी समजणारी. एक केसपेपरचं, एक औषधांच्या दुकानाचं, एक रक्तपेढीचं, अशी. पाचवं होतं डायलिसिसच्या पाण्याचं.

एका माणसाच्या एका डायलिसिसला बॅरलभर पाणी लागतं. टाकीतलं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून, मग कोळशाच्या, मग आरओतून मशीनपर्यंत जातं. कोळशाचं काम क्लोरीन धरून ठेवायचं. त्यानं ते धरलं नाही, तर क्लोरीन रक्ताशी येऊन भिडतं आणि तांबड्या पेशी फोडतं. म्हणून कोळशाच्या पुढं एक सेन्सर बसवला होता. त्याचे आकडे पाचवं यंत्र दिवसभर वाचत राही आणि मर्यादा ओलांडली की डायलिसिसच्या खोलीत भोंगा वाजवी.

अशा यंत्राच्या गाभ्यातच बिघाड झाला, तर त्याला काहीच करता येत नाही. फाइल लिहिता येत नाही, निरोप धाडता येत नाही. स्वतःच्या स्मृतीवरही त्याला विसंबता येत नाही. म्हणून होस्ट, म्हणजे बाहेरचा खरा सर्व्हर, त्याच्या आत एक खोटं उपकरण ठेवून देतो. त्या उपकरणाला बाकी काही येत नाही, फक्त एक बाइट, एका अक्षराएवढी खूण, घेता येतो. कोसळता कोसळता आतलं यंत्र तिथं तेवढं लिहितं, आणि होस्टला कळतं की हे संपलं. पुढं काय करायचं ते होस्टला आधीच सांगून ठेवावं लागतं. एक तर त्याला आहे त्या अवस्थेत थांबव, त्याची स्मृती जपून ठेव आणि माणसाला हाक मार. नाहीतर काही न बोलता पुन्हा सुरू कर. दोन्हींत फरक एका शब्दाचा असतो.

पंचशीलानं सुरुवातीला ‘थांबव’ हाच शब्द लिहिला होता.

मग पाडव्याच्या आधी पाहुणे आले. उदगीर वेगळा जिल्हा होणार, ही हूल दर दोन-चार वर्षांनी उठायची, त्या वर्षी ती फारच जोरात होती. ट्रस्टचे अध्यक्ष शिवमूर्ती अण्णा म्हणजे मोंढ्यातले जुने आडते. जिल्हा जाहीर व्हायच्या आत उदगीरला डायलिसिसची दुसरी शाखा उभी करायची, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. मदत देणाऱ्या एका संस्थेची माणसं त्यासाठी इथलं काम बघायला आली होती. “आमच्याकडं मशीन एक दिवस बंद न्हाई,” असं अण्णा त्यांना सांगत होते, आणि तेवढ्यात पंचशीलाचा, डायलिसिसच्या डॉक्टरांचा आणि तिथला तंत्रज्ञ नरसिंग याचा, असे तिन्ही फोन एकदम वाजले. पाचवं यंत्र थांबलं होतं.

अण्णा हसले. “सोनकांबळे बाई, जरा वळण लावा की तुमच्या मशीनला. पाहुण्यासमोर भोकाड पसरून राहिलंय.”

सगळे हसले. पंचशीलाही हसली. अण्णा हे दुसऱ्या कुणालाही म्हणाले असते, हे तिला कळत होतं. पण आडनाव ऐकून झालं की लोक आपल्या कामाकडं जरा जास्त वाकून बघतात, हेही तिला शाळेपासून माहीत होतं. त्या दुपारी तिनं तो शब्द बदलला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणे आहेत तोवर, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाहुणे गेले, शब्द तसाच राहिला. महिन्याच्या अहवालात ‘बंद काळ: शून्य’ असं जायला लागलं. डॉक्टरांनी एकदा सगळ्या स्टाफसमोर तिचं कौतुक केलं आणि ते तिला आवडलं. आता नोंदींवरून बोट फिरवताना पडण्याच्या संख्येपेक्षा ते कौतुकच तिला जास्त बोचत होतं.

तिनं शब्द पुन्हा ‘थांबव’ केला आणि बसून राहिली.

खिडकीखाली टँकर आला. पाइप हौदात सोडला गेला, पाणी कोसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यानंतर थोड्याच वेळात पाचवा ठिपका तांबडा झाला आणि तसाच राहिला. या वेळी यंत्राची स्मृती शाबूत होती. पंचशीलानं ती उघडून शेवटचा क्षण शोधला. सेन्सरकडून आलेला आकडा इतका मोठा होता, की तो वाचणारी आज्ञावलीच त्याच्याखाली कोलमडली होती. आज्ञावली लिहिणाऱ्यानं इतक्या मोठ्या आकड्याची सोयच ठेवली नव्हती. पाण्यात एवढं क्लोरीन असेल, हे त्याच्या मनात आलं नसणार.

तिनं डोळे मिटले. पुढचं तिला आपोआप दिसत गेलं. यंत्र नव्यानं सुरू झालं की सेन्सर स्थिरावेपर्यंत काही मिनिटं भोंगा वाजवायचा नाही, हा नियम तिचाच होता. चांगल्या पाण्यात तो नियम शहाणपणाचा होता. वाईट पाण्यात यंत्र पडायचं, उठायचं, गप्प राहायचं आणि पुन्हा पडायचं. भोंगा वाजवायला लागतो तेवढा वेळ ते कधी जगलंच नव्हतं.

* * *

नरसिंग डायलिसिसच्या मागच्या खोलीत पाइपांचे सांधे पुसत होता. देगलूरचा, बोलका माणूस; रुग्णांना हसवत हसवत सुई टोचायचा.

“नरसिंग, कोळशाच्या पुढचं पाणी थेंब टाकून कधी तपासलं होतं?”

“थेंब संपले की, मॅडम. मागून राहिलो तर स्टोअरवाले म्हणतेत, स्क्रीन हाय ना, मग थेंब कशाला? अन् स्क्रीन कायम हिरवी. लई भारी बसवलं तुम्ही.”

जवळच्या आरोग्य केंद्रातून पंचशीलानं क्लोरीन दाखवणाऱ्या थेंबांची एक बाटली मागून आणली होती, खेड्यापाड्यांत विहिरीचं पाणी तपासायला वापरतात ती. कोळशाच्या पुढच्या तोटीतून परीक्षानळीत पाणी घेतलं. थेंब टाकले. तिथलं पाणी पाण्यासारखंच राहायला हवं होतं. ते आधी लिंबाच्या सालीसारखं झालं आणि बघता बघता नारिंगी.

“अय्यो,” नरसिंग म्हणाला. त्यानं नळी हातात घेऊन उजेडाकडं धरली. “टँकरवाले ब्लिचिंगची पावडर मुठीनं टाकतेत, मॅडम. खालचं पाणी गढूळ, म्हणून अजून एक मूठ. पण आपला कोळसा?”

“कोळसा उलटं पाणी सोडून धुऊन काढता ना?”

“ते तर कवाच बंद. डॉक्टर साहेबांनीच सांगितलं की. धुवायचं म्हंजी एवढं पाणी गटारीत सोडायचं. बाहेर बाया घागरी घेऊन बसतेत. मागच्या खेपंला सोडलं तर एका बाईनं मला अशा शिव्या दिल्या, त्या बी तेलुगूत. मला वाटलं, हितं कुणाला कळतंय. आमच्याच देगलूरची निघाली.” तो हसला, आणि हातातल्या नळीकडं लक्ष जाऊन थांबला. “मॅडम, हे कवापासून हाय?”

“पाडव्यापासून असेल.”

“अन् स्क्रीन?”

पंचशीलानं बाटलीचं झाकण लावलं. एकदा बसलेलं झाकण तिनं पुन्हा फिरवून पाहिलं.

* * *

डॉ. विरूपाक्ष बिराजदार डायलिसिस विभागाचे प्रमुख होते. तिनं त्यांना सगळं क्रमानं सांगितलं: ठिपका, शब्द, आकडा, नारिंगी पाणी. शब्द आपण बदलला, हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला, पण तिनं ते वगळलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट ओढून घेतले आणि एकेकावरून नजर फिरवली. हिमोग्लोबिन सगळ्यांचं उतरत होतं. थोडं नाही, आणि एकाचं नाही.

“मला वाटलं, दुष्काळात खाणंपिणं काय असणार लोकांचं,” ते म्हणाले. मग रिपोर्ट एकावर एक रचत म्हणाले, “म्हणजे, मी तसं वाटून घेतलं.”

“सर, युनिट बंद करावं लागेल. कोळसा बदलून होईपर्यंत तरी.”

“आणि पेशंट? आठवडाभर डायलिसिस नाही मिळालं तर काय होतं, माहीत आहे ना तुम्हाला?”

“नांदेडला पाठवता येतील.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सिद्धराम आहे तिथं. माझ्या वर्गातला. त्याचं युनिट मोठं आहे. पाडव्यालाच त्याचा फोन आला होता. म्हणाला, तुझे पेशंट माझ्याकडं पाठव, मी एक पाळी वाढवतो. मी म्हटलं, बघू.”

“मग?”

“मग काय? बघतोय अजून.” ते हसल्यासारखं करून थांबले. “कॉलेजात त्याला माझ्या वह्या लागायच्या, मॅडम. त्याला फोन करून म्हणायचं की माझ्याकडं पाणी नाही, माझी माणसं तू सांभाळ... रोज फोन हातात घेतो.”

एवढ्यात शिवमूर्ती अण्णा आत आले. धोतराचा सोगा सावरत खुर्चीत बसले, आणि दोघांची तोंडं बघून म्हणाले, “काय झालं? कुणी गेलं का काय?”

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. शब्दाचा भाग त्यांनी सांगितला नाही. “मशीनमध्ये बिघाड होता, लक्षात आला नाही,” एवढंच म्हणाले. पंचशीलानं तो आडोसा तसाच राहू दिला.

“कोळसा हैदराबादहून मागवा, पैशाचं मी बघतो,” अण्णा म्हणाले. “पण बंद करायचं नाव काढू नका, डॉक्टर. शुक्रवारी ती माणसं पुन्हा येऊन राहिलीत. उद्या उदगीर जिल्हा झाला की दुसरे लोक तिथं पाटी लावून मोकळे होतील.”

“अण्णा, पाण्यात क्लोरीन आहे.”

“लातुरात पाणी हाय, हेच लई झालं.” अण्णांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलंय आपल्याला. साऱ्या देशाच्या टीव्हीवर आपल्या घागरी. माझ्या नातवाला पुण्यात पोरं इचारतेत, आंघोळ करून आलास का रे? मोंढ्यात बसतो तर बाहेरगावचा व्यापारी पाण्याची बाटली सोबत घेऊन येतो, माझ्या देखत उघडतो. आता पेशंट बी दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचे? कोणत्या तोंडानं?” त्यांनी पंचशीलाकडं पाहिलं. “काय बाई, तुमचं ते मशीन तर चालू हाय ना?”

“नाही. थांबवून ठेवलंय.”

“कुणाला इचारून?”

डॉक्टर मध्ये पडले. टाकीत वरच्या बाजूला जुनं पाणी आहे, दुपारची पाळी त्यावर निघेल, बाकीचं बघू, असं काहीतरी म्हणाले. टाकीत जुनं पाणी वेगळं राहत नाही. नवं पाणी आलं की ते मिसळतं. हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

दुपारची पाळी झाली. पंचशीला डायलिसिसच्या दारापर्यंत गेली. औशाचे मलप्पा गुरुजी मशीनला लागले होते. पेपर वाचता वाचता त्यांनी चष्म्यावरून बघून तिला हात केला. तिनंही हात केला. मग ती परत आपल्या खोलीत येऊन बसली. तिनं काय केलं असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं असतं की डॉक्टरांना कळवलं. ते खरं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला गौरम्मा आली. निलंग्याकडची म्हातारी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, पिशवीत घरून आणलेली दशमी. रुग्ण आणि नर्स, सगळे तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणायचे. ती पहिल्या एसटीनं यायची आणि सगळ्यांच्या आधी खिडकीजवळचा पलंग धरायची.

पंचशीला दारात उभी होती. कालपासून तिची झोप, जेवण, सगळं त्या दारात अडकून राहिल्यासारखं झालं होतं.

“ये की कंप्युटरबाई,” गौरम्मा म्हणाली. “काल माझ्या नातीला सांगितलं, आमच्या दवाखान्यात एक बाई हाय, नुसती काचंकडं बघती अन् पगार घेती. ती म्हणती, अव्वा, मला बी तसलीच नोकरी पाहिजे.”

बोलता बोलता तिनं पिशवीतून गोधडी काढली. जाड, जुन्या लुगड्यांची. झटकून पायावर पसरली.

बाहेर मे महिन्याचं ऊन सकाळीच पांढरं झालं होतं.

“अव्वा, वैशाखात गोधडी?”

“थंडी वाजती गं. मशीन लावलं की हाडं कडाकडा वाजतेत. पोटात कळ येती, पाठ भरून येती. घरी गेल्यावर जिना चढवत न्हाई.”

“नरसिंगला सांगितलं नाही?”

“येडी का काय तू? सांगितलं की म्हणतेत, आज राहू द्या, पुढच्या खेपंला बघू. नंबर गेला म्हंजी गेला. त्या मल्लम्मानं सांगितलं, तिला तशीच परत धाडली. चार दिवसांनी सुजून आली बिचारी.” गौरम्मानं आवाज खाली आणला, पण शेजारच्या पलंगांना ऐकू जाईल इतपत ठेवला. “आम्ही समद्यांनी ठरवलंय. गप पांघरून घ्यायचं. दात वाजाय लागले की पदर चावायचा.”

पंचशीलानं खोलीभर पाहिलं. एका पलंगावर घोंगडी घडी करून ठेवली होती. एकीच्या उशाशी दोन शाली होत्या. कोपऱ्यातल्या माणसानं एवढ्या उन्हात स्वेटर आणला होता. हे सगळं पाडव्यापासून या खोलीत असणार. ती इथून दिवसातून दोनदा जायची, आणि जाताना भिंतीवरची हिरवी स्क्रीन बघायची.

नरसिंग ट्रे घेऊन आला. आज तो काही विनोद करत नव्हता. त्यानं गौरम्माचा हात उताणा करून घेतला, कापसानं पुसला. सुईवरचं टोपण काढलं.

“नरसिंग, थांबा,” पंचशीला म्हणाली.

तो लगेच थांबला. जणू याचीच वाट बघत होता.

“अव्वा, आज लावून घेऊ नका. कुणीच लावून घेऊ नका.” तिचा आवाज तिला परका वाटला. “पाण्यात क्लोरीन येतंय. तुम्हाला थंडी वाजते ती त्यानं. रक्त कमी होतंय तेही त्यानं. पाणी वाईट आलं की कळावं म्हणून एक यंत्र बसवलं होतं. ते दर वेळी कळवत होतं. ते मला ऐकू येऊ नये, असं मीच करून ठेवलं होतं.”

गौरम्मानं पुसलेला हात गोधडीत ओढून घेतला.

“कवा कळलं तुला?” गौरम्मानं विचारलं.

“काल सकाळी.”

“काल दुपारी मलप्पा गुरुजी लावून गेले की. सांजच्याला मी औशाच्या बाजाराला गेले, तवा एसटी स्टँडवर भेटले मला. घाम पुसून राहिले होते अन् म्हणत होते थंडी वाजती.”

“हो.”

“म्हंजी माहीत असून?”

“हो.”

कोपऱ्यातला स्वेटरवाला उठून बसला. “आमचं रक्त तुमच्या कंप्युटरच्या इज्जतीपायी व्हय?” असं काहीतरी म्हणायला लागला. गौरम्मानं त्याला हातानं गप्प केलं. ती पंचशीलाकडंच बघत होती. तिच्या बघण्यात राग होता, पण नुसता राग असता तर बरं झालं असतं.

“आम्ही नंबरापायी गप बसलो, लेकी. जीव हाय त्यात आमचा. तू कशापायी बसलीस?”

पंचशीलाला कितीतरी उत्तरं येत होती. अण्णा, पाहुणे, आडनाव, अहवाल. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि एकही या पलंगासमोर उभं राहत नव्हतं.

“लाज वाटली म्हणून,” ती म्हणाली.

“लाज!” गौरम्मानं गोधडी पायावरून बाजूला सारली. “बरी पिकती बाई इथं लाज. तिला पाणी लागत न्हाई.”

कुणीतरी हसलं. लगेच थांबलं. पंचशीला हसली नाही आणि तिनं मान खालीही घातली नाही. म्हातारी बघत होती तोवर तिच्याकडं बघत राहायचं, एवढंच तिला त्या वेळी करता येण्यासारखं होतं.

डॉ. बिराजदार दारात उभे होते. ते किती वेळ उभे होते, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या हातात फोन होता. फोनमधून अण्णांचा आवाज बारीक बारीक ऐकू येत होता. शुक्रवार हा शब्द तेवढा कळत होता. डॉक्टर आत आले. त्यांनी पलंगापलंगावरून नजर फिरवली: गोधडी, घोंगडी, शाली. स्वेटरपाशी ती नजर बराच वेळ थांबली.

“सर,” नरसिंग म्हणाला. उघडी सुई त्याच्या हातातच होती. “लावू का?”

डॉक्टरांनी फोन कानाला लावला. “अण्णा, तुम्ही ऐका आता. मी इथं सगळ्यांसमोर बोलतोय.” त्यांनी एकदा घसा खाकरला. फोन कानापासून खाली घेतला, आणि मग ते फोनशी नाही, खोलीशी बोलले.

“सुई ठेव, नरसिंग. आपल्याकडचं डायलिसिस आजपासून बंद. तुम्ही सगळे नांदेडला जाणार आहात, गाडी मी करतो, आणि तिथल्या डॉक्टरांना मी स्वतः सांगतो की माझ्याकडं पाणी नाही, माझी माणसं सांभाळ.”